ओके आणि त्यापुढचा ठिपका

तिसरीच्या वर्गाला मी विरामचिन्हं शिकवली ती टाळ्या वाजवून. स्वल्पविरामाला एक टाळी, पूर्णविरामाला दोन, आणि प्रश्नचिन्हाला दोन्ही हात कमरेवर. ही पद्धत मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. मला मोठ्यानं बोलायचा संकोच वाटतो आणि टाळीचा आवाज आपोआप मोठा होतो, एवढंच तिच्यामागचं शास्त्र. शेजारच्या वर्गातल्या कन्नडच्या टीचरना पहिले काही दिवस वाटलं, आमच्याकडे रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो.

शाळा बेळगावातली, इंग्रजी माध्यमाची. मी स्वतः तशाच शाळेत शिकले. मच्छेच्या पलीकडच्या गावातून बसनं यायचे, अजूनही येते. घरी मराठी, बसमध्ये आणि बँकेत कन्नड, वहीत इंग्रजी, असं आमच्याकडच्या बहुतेकांसारखंच माझंही झालं. फरक एवढाच की लोक तिन्ही भाषांत बोलतात, मी तिन्ही भाषांत गप्प बसते.

पुस्तकातले नियम स्वच्छ होते. वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा. उद्गारचिन्ह फक्त आश्चर्य, आनंद किंवा भीती दाखवायला वापरायचं. हे मी फळ्यावर लिहिलं त्याच सकाळी पालकांच्या ग्रुपवर हेडमिसचा निरोप पडला होता: उद्या सर्वांनी पांढरे बूट घालावेत, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. मधल्या सुट्टीत एका मुलीनं मला विचारलं, "मिस, हेडमिसना बूट बघून एवढं आश्चर्य का वाटतं?"

मी म्हणाले, "डबा संपव."

खरं सांगायचं तर मीही संध्याकाळी मैत्रिणींना लिहिताना एक ठिपका देत नाही. कुणीच देत नाही. वाक्य जिथं संपतं तिथं निरोप पाठवायचा, पुढचं वाक्य पुढच्या निरोपात. सकाळी नऊ ते तीन मी ज्याचा आग्रह धरत होते, ते साडेतीनच्या बसमध्ये सोडून देत होते. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. बाकीच्या शिक्षिकाही शाळेच्या साड्या घरी गेल्यावर बदलतच होत्या.

मी एका वर्षाच्या मुदतीवर होते. एप्रिलमध्ये मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. जूनमध्येच हेडमिसनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "तुमचं इंग्लिश चांगलं आहे. वर्ग शांत असतो. पण पालकांशी बोलत जा. मार्चमध्ये पालकांकडून फॉर्म भरून घेतो आपण, ट्रस्टी तेवढेच बघतात."

बोलत जा, असं त्या म्हणाल्या. मी लिहीत गेले. महिन्यातून दोनदा प्रत्येक घरी इंग्रजीत निरोप, "आदरणीय पालक" पासून "आपली विश्वासू" पर्यंत, सगळी विरामचिन्हं जागच्या जागी. कुणाला फोन करायचा म्हटलं की मी ते उद्यावर ढकलते, पण लिहिताना मी बरीच कडक असते.

उत्तरं देण्यात एक पालक सगळ्यांच्या पुढे होते. वडगावात त्यांचे दोन यंत्रमाग, साड्यांचे. नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे, हे प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलेलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. वाचायची इतकं छान की ऐकत राहावं, आणि लिहायची ते पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. आख्ख्या पानात एक ठिपका सापडायचा नाही. मी वडिलांना कळवायचे, आणि मिनिटाच्या आत उत्तर यायचं: ओके मॅम. एकदा मी जरा जास्तच कडक लिहिलं तेव्हा इंग्रजीत उत्तर आलं, मी तिला रागावलो मॅम ती खूप रडली मॅम आता माफ करा मॅम. दुसऱ्या दिवशी मी तिच्या चेहऱ्यावर रडल्याच्या खुणा शोधल्या. ती शेजारणीच्या डब्यातला पेरू खात होती. मला वाटलं, मूल खंबीर आहे.

जानेवारीच्या चाचणीत विरामचिन्हांच्या प्रश्नाला तिला दहापैकी दोन मिळाले. त्या दिवशी मी पूर्णविराम वर्गाला पुन्हा पहिल्यापासून शिकवला, तळहात लाल होईपर्यंत. आणि संध्याकाळी वडिलांना लिहिलं की आपल्या पाल्याचा निष्काळजीपणा चिंताजनक आहे, घरी लक्ष दिलं जात नाही असं दिसतं, कृपया न चुकता येऊन भेटावं.

उत्तर आलं: ओके. पुढे मॅम नाही. इंग्रजीतलं पहिलं अक्षर मोठं, आणि शेवटी एक ठिपका.

तो ठिपका मी रात्री झोपेपर्यंत निदान वीस वेळा बघितला. एवढे महिने इतक्या अदबीनं लिहिणारा माणूस. घरी लक्ष दिलं जात नाही, असं मी कशाला लिहिलं? दुसऱ्या दिवशी कन्नडच्या टीचरना फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाल्या, "सिट्ट बंदैति." मग माझा चेहरा बघून मराठीत, "राग आलाय हो त्यांना. नुसतं ओके असतं तर काही नव्हतं. ठिपका दिलाय म्हणजे चिडलेत."

"पण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम..."

"ते वर्गात हो."

तो माणूस भेटायला आला नाही. मार्च जवळ येत होता. एकदा धीर करून मी फोन लावला तर पलीकडून नुसती खटाखट ऐकू आली, त्यात कुणीतरी "कोण? कोण?" म्हणत होतं. मी फोन ठेवला आणि सुटल्यासारखं वाटलं. पण फॉर्म घरोघरी गेले त्या शनिवारी, शाळा लवकर सुटल्यावर, मी माफीची दोन वाक्यं कागदावर लिहून घेतली आणि वडगावला चालत गेले.

घर विचारावं लागलं नाही, मुलीनंच लांबून बघितलं आणि आत पळाली. पुढच्या खोलीत दोन्ही माग चालू होते. तिचे वडील एका मागापाशी उभे, आई कोपऱ्यात कांड्यांवर सूत भरत बसलेली. त्यांनी हात हलवून मला आत बोलावलं. ते काहीतरी म्हणाले, मी काहीतरी म्हणाले, कुणालाच काही कळलं नाही. माग बंद करायचा की नाही या विचारात ते होते, आणि मला वाटलं आत्ता नाही तर कधीच नाही. म्हणून कागद न काढताच, आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "तुम्ही रागावला आहात ना? तुमचा पूर्णविराम..."

नेमकी तेव्हाच लाईट गेली. दोन्ही माग थांबले, गल्लीतले सगळेच माग थांबले, आणि "पूर्णविराम" हा शब्द एकटाच रस्त्यावर गेला.

समोरच्या दारातून एका बाईनं विचारलं, "काय झालं गं? कोण आलंय?"

"शाळंच्या टीचर," मुलीची आई म्हणाली. "पूर्णविराम म्हणत्यात."

"असू दे असू दे," समोरची बाई म्हणाली आणि आता लाईट कधी येणार याची चौकशी करायला लागली.

वडिलांनी मला खुर्ची पुसून दिली. "राग? मला? कशाचा वो टीचर?"

मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरून बघितला आणि मुलीकडे दिला. "काय लिवलंयस गं ह्यात?"

"ओके लिवलंय," ती म्हणाली.

"मग? ओके म्हंजे ओकेच की टीचर."

मी मुलीच्या हातातून फोन परत घेतला. "हे हिनं लिहिलं?"

"मग कोन लिवनार? मला इंग्रजी येतंय व्हय?" ते हसले. "ह्या गल्लीत समद्यांची पोरंच लिवत्यात शाळंला. त्यापायीच तर घातलीया न्हवं इंग्लिश मिडियमला."

"तुम्हाला ठाव न्हवतं व्हय?" आईनं विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे इथं उद्गारचिन्ह चाललं असतं.

म्हणजे जूनपासून मी एका आठ वर्षांच्या मुलीला आदरणीय म्हणत होते. तिच्याविषयीच्या तक्रारी तिच्याकडेच करत होते, आणि ती स्वतःला रागावून, स्वतः रडून, स्वतःसाठी माफी मागून मोकळी होत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती बंद मागाकडे बघत होती. तो ठिपकाही तिचाच. सकाळी वर्गात शिकवलेलं संध्याकाळी वापरणारी अख्ख्या वर्गात ती एकटीच निघाली होती, आणि तेवढ्यावरून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

"पन ते मोठं लिवलं होतंसा, त्यात काय हाय?" वडिलांनी विचारलं. "ही म्हनाली, टीचर म्हनत्यात पोरगी हुशार हाय, खुना तेवढ्या घालाय पायजेत. खरं हाय का हिचं? वाचा बघू तुम्हीच."

मी निरोप उघडला. इंग्रजीत तो ठीक होता. मराठीत मनातल्या मनात लावून बघितला: तुमच्या मुलीचा निष्काळजीपणा, घरी लक्ष नाही. समोर आई हात पुसून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. बोटांना सुताचे धागे चिकटलेले. मी पाणी घेतलं.

"वाचते छान," मी म्हणाले. "हुशार आहे. लिहिताना खुणा राहतात, तेवढं बघायचं."

"त्येच म्हनाली की ही!"

मुलगी हसली नाही. तिनं केलेलं भाषांतर मी तपासून बरोबर ठरवलं होतं, आणि ते बरोबर होतं यात तिला काही विशेष वाटलं नाही.

मी उठणार, तेवढ्यात वडिलांनी कॅलेंडरच्या मागं खोचलेला कागद काढला. "बरं झालं आलासा. हे फारम आलंय शाळंचं. भरून टाका तुम्हीच, म्हंजे चूक नको व्हायला."

माझाच फॉर्म. वर माझं नाव, खाली चार प्रश्न, हो किंवा नाहीचे चौकोन आणि अभिप्रायाला दोन ओळी. कागद माझ्या हातात होता, पेन माझ्या पर्समध्ये होतं, आणि हो म्हणायला सगळं घर तयार होतं. मी नको म्हणाले. तत्त्वासाठी म्हणाले असं लिहायला मला आवडलं असतं, पण पहिल्यांदा मनात आलं ते हे की हेडमिस माझं अक्षर ओळखतात.

"तिलाच भरू दे," मी म्हणाले.

ती उंबऱ्यावर बसली, पाटी मांडीवर घेऊन त्यावर कागद. एकेक प्रश्न मराठीत करून सांगू लागली. टीचर वह्या तपासतात का? "लाल करून पाठवत्यात की," वडील म्हणाले. हो. मुलाला शाळेत जायला आवडतं का? "त्ये तूच सांग." हो. वर्गात शिस्त असते का? "टाळ्या मारत्यात म्हनं," आई म्हणाली. तरी हो. मग ती म्हणाली, "टीचर नेहमी तुमच्याशी बोलतात का?"

वडिलांनी आईकडे बघितलं.

"आज आल्यात की," आई म्हणाली.

"आज आल्यात. नेहमी इचारलंय," वडील म्हणाले.

"लिवत्यात की मग."

"लिवत्यात ते हिला." ते माझ्याकडे वळले, आणि त्यांना खरंच अवघड झालं होतं. "खोटं कशाला लिवायचं टीचर, शाळंचा कागद हाय. व्हय न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

मुलीनं नाहीच्या चौकोनात खूण केली, नीट, रेघेच्या आत. अभिप्रायाचं काय लिहू, असं तिनं विचारलं आणि त्याच वेळी लाईट आली. माग सुरू झाले. वडिलांनी मागावरून काहीतरी ओरडून सांगितलं, तिला ते ऐकू आलं नसावं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, दोन ओळी लिहिल्या आणि कागदाची घडी घातली.

एप्रिलमध्ये हेडमिसनी बोलावलं. बाकीचे फॉर्म ठीक होते. बऱ्याचशा ठिकाणी सगळीकडे हो, काही ठिकाणी अभिप्रायात नुसतं फुलाचं चित्र. त्यांनी एक फॉर्म वेगळा काढून ठेवला होता.

"ट्रस्टींनी हा वाचला," त्या म्हणाल्या. "एवढा विचार करून कुणी लिहिलेलं नाही." आणि इंग्रजी वाक्यं त्यांनीच मोठ्यानं वाचली. त्यांचा अर्थ असा होता: टीचर चांगल्या आहेत. त्यांना आमच्या घरी यायची भीती वाटत होती, पण त्या आल्या.

"पालक शिकलेले दिसतात," हेडमिस म्हणाल्या. "पण हे 'नाही' आहे ना, बोलण्याच्या ठिकाणी. मी जूनमध्ये तुम्हाला हेच सांगितलं होतं."

हा फॉर्म पालकांनी लिहिलेला नाही, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. फॉर्म रद्द झाला असता आणि बाकीच्या हो-हो-होवर मी कदाचित कायम झाले असते. मी वाक्य मनात जुळवलंही. पण फॉर्ममधलं एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि ते खोडायला मला त्या मुलीला या टेबलासमोर उभं करावं लागलं असतं.

"हो," मी म्हणाले, "लिहिणारी व्यक्ती नेमकं लिहिते."

मुदत आणखी एक वर्षानं वाढवल्याचं पत्र त्यांनी पुढे सरकवलं. मी सही केली.

"नाराज होऊ नका," हेडमिस म्हणाल्या. "याच वर्गाबरोबर तुम्हाला चौथीला पाठवते. तुमच्या ओळखीची मुलं, ओळखीचे पालक. सोपं जाईल."

यातल्या निम्म्या घरांत निरोपांपुरतं मूल आणि पालक एकच आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. वडगावचे पत्ते तेवढे मागून घेतले.