भिंतीवरचं शून्य

विज्ञानापुढे सगळे समान असतात. चंद्रपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विभागप्रमुखांची खुर्ची विज्ञानापेक्षा थोडी उंच होती, एवढंच.

मी तेव्हा एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय होता केसाहून बारीक वाहिनीतून जाणारी हवा, आणि तिचं संगणकावरचं गणित. मोठ्या नळीत हवा भिंतीला टेकते तिथे थांबते, म्हणून भिंतीवरचा वेग शून्य धरतात. पण वाहिनी फार अरुंद झाली की काही रेणू कॅरमच्या सोंगटीसारखे भिंतीवर आपटून तसेच पुढे जातात, तर काही भिंतीशी रेंगाळून वाटेल त्या दिशेला सुटतात. हवा पुरती थांबत नाही, थोडी घसरते. ही घसरण धरली की माझं उत्तर प्रयोगात मोजलेल्या प्रवाहाशी जुळायचं. शून्य धरलं की कमी पडायचं. सगळा प्रबंध याच एका गोष्टीवर उभा होता.

विभागप्रमुख सरांनी लाल पेनानं घसरणीचं प्रकरण आडवं कापलं.

"भिंतीवर वेग शून्य. पुस्तकात काय लिहून हाये?"

"सर, ते मोठ्या नळीसाठी. इथे मोजलेला प्रवाह—"

"मंग मोजणारा चुकला. तू मले शिकवून राह्यला का?"

त्यांची सही नसेल तर प्रबंध विद्यापीठात जात नसे. प्रयोगशाळेतले सहायक भाऊ घुग्घुसहून मोटारसायकलवर यायचे. रुमालानं तोंडावरची धूळ पुसत ते म्हणाले, "टाका ना जी शून्य. हवा काही तक्रार कराले येत नाई."

मी शून्य टाकलं. त्याचा राग मला अजून येतो, आणि सरांचा नंतर.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इतक्या अरुंद वाहिनीत भिंतीवरची घसरण का धरली नाही?"

मी सरांकडे पाहिलं. सर परीक्षकांकडे पाहून खेदानं हसले. "मी याले कितीदा सांगतलं, सर. आजकालची पोरं ऐकतात कुठी?"

परीक्षकांनी सुधारणेसाठी एक महिना दिला. कापलेलं प्रकरण मी जसंच्या तसं परत जोडलं. सरांनी न वाचता सही केली.

पुढच्या वर्षी, मी तिथेच शिकवायला लागल्यावर, याच विषयावर सरांचं व्याख्यान झालं. शाल-श्रीफळही झालं. नारळ मी आणला होता.