कापड्याची काठोकाठ बाटली

३ ऑगस्ट, रविवार

दिवाळीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही, माफ करा. सांगण्याजोगं कारण शोधत होते. सापडलं नाही. आळसच होता.

आळस मोडला शुभाने. शुभा माझी कॉलेजची मैत्रीण, आता वैज्ञानिक. तिचं संशोधनाचं विमान ढगांच्याही वर जाऊन हवेतली वाफ आत ओढतं आणि तिच्यात जड पाणी किती, हलकं किती, ते मोजतं. हो, पाण्यातही जड-हलकं असतं. जड आधी पावसात पडतं, हलकं वर जात राहतं. त्यावरून वाफ कुठून आली आणि वाटेत किती बरसली, हे कळतं म्हणे. शनिवारी विमान पोलादपूरवरून जाणार होतं आणि त्याच वेळचा खालचा पाऊस कुणीतरी बाटलीत धरायला हवा होता. "तू नाहीतरी भटकतच असतेस," शुभा म्हणाली. विज्ञानासाठी माझी पात्रता एवढीच.

शुक्रवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघाले. घाट देखणा आहे, पण खड्डे तुम्हाला तो बघू देत नाहीत. वरंध घाटाच्या भरवशावर पावसाळ्यात निघू नका. तो चालू आहे की बंद, हे आधी विचारून घ्या. महाडला एमआयडीसीच्या पाळीला निघालेल्या गर्दीत उभ्यानेच वडापाव खाल्ला. काखेतलं नरसाळं बघून शेजारच्याने हळूच विचारलं, "ताई, रॉकेल कुठं मिळतंय?"

मुक्काम कापडे या गावी, पोलादपूरच्या पुढे. ऑफिसातल्या महेशचं घर तिथलं. तो मुंबईहून पुण्याला आला, पण त्याची आई, सखूकाकू, गाव सोडायला तयार नाही. रात्री टाकळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी. पैशांचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी दुपारी अंगणात बाटलीवर नरसाळं लावून बसलो. विमान दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. ढग तेवढे होते.

"येवढं उंच जाऊन वाफ हुंगतात?" काकू म्हणाल्या. "माझ्या चुलीपाशी बस म्हनावं. भातावरची झाकनी काढते, हवी तेवढी घे."

पाऊस कोसळला आणि बाटली निम्मी झाली तशी थांबला. शुभाने बजावलं होतं, बाटली काठोकाठ हवी. वर मोकळी जागा राहिली की हलकं पाणी त्या हवेत उडतं आणि सगळं मोजमाप चुकतं. मी "भरली नाही, भरली नाही" करत अंगणात येरझाऱ्या घातल्या. मग आठवलं, लहान बाटली गाडीत आहे, एवढ्या पाण्याने ती तरी काठोकाठ भरेल. गाडी खाली रस्त्यावर. घेऊन परतले, तर मोठी बाटली गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट, वरून पदराने पुसलेली.

"पुन्हा आला का पाऊस?"

"नाय गो. हंड्यातलं घातलं. पाव्हनीला अर्धी बाटली देऊन धाडू? लोकं काय म्हनतील?"

"काकू, पण ते..."

"झऱ्याचं हाय, गो. फडक्यातनं गाळलंय."

लगेच महेशला फोन. "आपल्या हंड्यातलं पानी इमानवाल्यांकडं चाललंय!" पलीकडून महेश ओरडला, "आये, विमानात खिडकीची सीट माग!" त्या हसता हसता ओट्यावर बसल्या.

आणि मी म्हणाले, "बरं झालं, काकू."

विमान तोवर परतलं होतं. संध्याकाळी पाऊस आला, पण तो शुभाच्या कामाचा नव्हता. परतताना ताम्हिणीत मी स्वतःशी बराच वकिली युक्तिवाद केला. झऱ्याचं पाणीही पाऊसच ना, जुना असेल. कुणाला कळणार आहे? कदाचित शुभालाही नाही. पण मग त्या आकड्यावर ती अख्ख्या आभाळाची गोष्ट रचेल, आणि तिच्यात वाफेचा उगम निघेल सखूकाकूंचा हंडा.

घरी बाटली फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवली. तेवढ्यात काकूंचा फोन: "पोचली का गो?" म्हटलं, पोचले. ते तरी खरं होतं. दुसऱ्या कुणी माझं भांडं भरून दिल्याचं मला आठवत नाही, आणि हीच बाटली ओतून टाक, असं मला शुभाला सांगायचं आहे.

उद्या: शुभाला फोन. बाटलीत निम्मं पाणी हंड्यातलं आहे, हे सांगणे.