‘एर’ म्हणजे कुठली वस्तू

होखेफेनच्या समाजकेंद्रात परदेशांतून आलेल्यांना डच शिकवता शिकवता खेशे हिल्ब्रान्ड्सचे केस पिकले होते. त्या मंगळवारी फळ्यावर पुन्हा ‘एर’ हा छोटासा डच शब्द होता. दरवर्षी वर्ग इथेच येऊन अडायचा.

“भावाची वाट बघताय, तर ‘ऑप हेम’, म्हणजे ‘त्याची’. तो माणूस आहे,” ती सांगत होती. “बसची वाट बघताय, तर ‘हेम’ चालत नाही. वस्तूला ‘एर’ लावायचा आणि ‘ऑप’ त्याच्या मागे. एरॉप. बरं, हे दोघं जवळ राहतीलच असंही नाही. ‘एर’ पुढे जाऊन बसतो, ‘ऑप’ पार शेवटी. मधे अख्खं वाक्य मावतं.”

“माझ्या घरी असंच आहे, बाई,” इराणचा बेहरूझ म्हणाला. “एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको.”

वर्ग हसला. खेशेही हसली, पण तेवढ्यानंही तिला थकल्यासारखं झालं.

सुट्टीत बहिणीचा, आल्त्येचा, फोन आला. हार्म कसा आहे, तिनं विचारलं. हार्म म्हणजे खेशेचा नवरा; आयुष्यभर त्यानं दुधाचा टँकर चालवला होता. आता त्याला काही आठवत नव्हतं. सकाळी तो पायजम्यावरच रस्त्यात टँकरची वाट बघत उभा होता.

“इक कान एर नीत मेर तेखन,” खेशे म्हणाली. आता नाही गं सहन होत.

फोन ठेवून ती वळली, तर मागे कॉफीचा कप घेऊन एरिट्रियाची सेलाम उभी. चेहरा खुललेला.

“बाई, मला कळलं! ‘एर’ पुढे, ‘तेखन’ शेवटी. पण ‘एर’ म्हणजे कुठली वस्तू?”

खेशेनं सवयीनं तोंड उघडलं आणि ती थांबली.

“माणूस असता तर ‘तेखन हेम’ झालं असतं,” ती हळूच म्हणाली.

“म्हणजे माणूस नाही?”

“नाही. तो नाही.” तिनं भिंतीला पाठ टेकली. “दाराला कुलूप लावायचं. तेच तेच प्रश्न. ओल्या चादरी. ते सगळं.”

सेलामचं हसू मावळलं. “माझी आजी अशीच होती. आम्ही घरातले आळीपाळीनं बघायचो. तुमची पाळी कोण घेतं?”

“वर्गापुरती शेजारीण बसते. एरवी मीच.”

सेलामनं तो कप तिच्याच हातात दिला.

वर्ग सुटल्यावर खेशेनं डॉक्टरांना फोन केला. वृद्धांना दिवसभर सांभाळणारं केंद्र ते सुचवत होते, पण ती वसंत ऋतूपासून नकार देत आली होती. आज हो म्हणाली.

पहिल्या दिवशी केंद्राची गाडी न्यायला आली तेव्हा हार्म ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि दूध किती भरलंय, विचारू लागला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही. आज खिडक्या पुसायच्या, असं खेशेनं ठरवलं होतं. बादली भरून झाली. मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी जरा टेकली, आणि संध्याकाळी गाडीचा हॉर्न वाजला तेव्हाच तिला जाग आली.