तुफानचं मैदान

बांधकाम संपलं की वाळू उरते, विटा उरतात आणि किस्से उरतात. वाळू-विटा कुणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र माझ्याच डोक्यावर बसतात, आणि तुमच्यासारखी चार माणसं भेटली की उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी शहापूरचा साधा सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्यांच्या शेड उभ्या केल्या. एक दिवस निपाणीजवळच्या आदगोंडा आप्पांचा फोन आला, "इंजिनेर, घोड्याचं घर बांधायचं हाय. या."

मी म्हटलं, थट्टा चाललीय. जाऊन बघतो तर थट्टा नव्हती. आप्पा तंबाखूचे मोठे शेतकरी. त्यांची मुलगी सन्मती बेंगळुरूला नोकरीसाठी गेली ती घोडेस्वारी शिकून आली. तीही शर्यतीची नव्हे, ड्रेसाजची. स्वाराने पायाने हळूच खूण करायची आणि घोड्याने तालात चालायचं, आडवं चालायचं, गोल फिरायचं. त्यासाठी तबेला हवा आणि वीस बाय चाळीस मीटरचं सपाट, वाळूचं मैदान हवं.

आप्पांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणतं. आक्कांचा पहिल्या दिवसापासून एकच घोर, की लग्नाची पोर आहे, सासरी घोडा कोण ठेवून घेणार? सन्मतीचं उत्तरही ठरलेलं. घोडा जिथे जाणार नाही, तिथे मीही जाणार नाही. आणि आप्पा? ते दोघींनाही "बरोबर हाय" म्हणायचे.

* * *

माझा स्वभाव तापट. माझ्या नकाशाला कुणी बोट लावलेलं मला खपत नाही. पण आक्कांनी लावलं. तबेल्यातल्या खोलीवर बोट ठेवून विचारलं, ही केवढी? मी म्हटलं, बारा बाय बारा फूट, घोड्याला बसता-लोळता आलं पाहिजे. आक्का उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पावलं टाकून मोजून आल्या.

"आणि मी कुठं लोळू?"

घोड्याच्या घराचं काम दोन महिने लांबलं. आधी नवीन स्वयंपाकघर झालं!

* * *

मैदानाच्या कडेने इंग्रजी अक्षरं लावतात. कुठल्या अक्षरापाशी वळायचं, कुठे थांबायचं, हे स्वाराला कळावं म्हणून. पण त्यांचा क्रम सरळ नसतो. ए, मग के, मग ई, मग एच, असं काहीतरी. निपाणीच्या पेंटरने ते पाहिलं, पोरीचं चुकलंय असं समजून आपल्या मनाने ए, बी, सी अशी ओळीत लावून टाकली आणि वर आप्पांना सांगितलं की सुधारून दिलंय.

सन्मती चिडली. आप्पांनी तिला विचारलं, हा असा वेडावाकडा क्रम का? ती म्हणाली, नक्की कारण कुणालाच ठाऊक नाही. आप्पांनी पेंटरला परत बोलावलं.

"कारण कुणाला म्हाईत न्हाय म्हंजे जुनं हाय. जुन्याला हात लावायचा न्हाय. काढ!"

* * *

घोडा आला. नाव तुफान. शर्यतीतून निवृत्त झालेला आणि गाजरावर जीव असलेला. आता आली पंचाईत! घर जैनांचं, आक्का नेमाच्या पक्क्या. जमिनीखालचं काहीच घरात येत नाही, कांदा-बटाटासुद्धा नाही. आक्कांनी तुफानला काकडी देऊन पाहिली, दोडका देऊन पाहिला. त्याने दोडका हुंगला आणि तोंड फिरवलं. शेवटी मला तबेल्याच्या टोकाला गाजरांसाठी वेगळी खोली काढावी लागली. माझ्या उभ्या करिअरमधली ही एकमेव गाजराची खोली.

गाजरं भराभर संपू लागली. घोडं एवढं खातं तरी कसं, म्हणून आक्का एका सकाळी बघायला गेल्या. आत आप्पा उभे! तोंड भरलेलं. घास गिळून म्हणाले, "त्ये एकटं खात न्हाय गं. संगत लागती."

* * *

मैदान तयार झालं तेव्हा गावातली शर्यतवाली मंडळी मुद्दाम आली. बैलगाडीच्या शर्यतीत मुरलेली माणसं, धुरळ्याची तयारी करून बांधावर बसली. तुफान आला, थांबला. गोल फिरला, आडवा चालला, पुन्हा थांबला. सन्मतीने मान लववून नमस्कार केला.

एक म्हातारा म्हणाला, "पोरी, आता पळीव की. ऊन वाढालंय."

"झालं की मामा."

कुणी हललं नाही. आपण उठून गेलो की घोडं पळणार, असा सगळ्यांना संशय होता. जेवणवेळ टळून गेली तरी मंडळी बांधावरच.

* * *

आणि मग चिकोडीकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, सन्मतीला आवडलेला. रिवाजाप्रमाणे मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं ठरलं. आप्पांनी मलाही गाडीत बसवलं. का, ते सांगितलं नाही. निघताना सन्मती दारात आली. रात्रभर झोपली नसावी.

"आप्पा, जमणार नसलं तर तिथंच सांगून या. मला मागनं समजावू नका."

आप्पा तिलाही "बरोबर हाय" म्हणाले. गाडीत आक्कांनी सगळ्यांना दम दिला, घोड्याचा विषय कुणी काढायचा नाही. मलासुद्धा!

तिथे आमची चांगली उठबस झाली. कोण कोण आलंय, काय करतं, सगळं विचारून झालं. पोहे आले, चहा आला. आक्का स्वयंपाकघर बघायला आत गेल्या. बाहेर येऊन पाहतात तर आप्पा जागेवर नाहीत, मुलाचे वडीलही नाहीत. आक्कांचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाल्या, बघून या, भांडणं तर लागली न्हाईत न्हवं?

मी परसात गेलो. आप्पा घराच्या मागच्या भिंतीला टेपचं एक टोक दाबून ओणवे बसले होते. दुसरं टोक धरून पार तिकडे, गोठ्याच्या भिंतीला टेकून, मुलाचे वडील उभे.

"किती भरतंय? चाळीस मीटर पायजेत!" आप्पांनी ओरडून विचारलं.

"अडतीस."

आप्पा उठले. धोतराची माती झटकली.  मुलाच्या वडिलांनी आधी टेपकडे पाहिलं, मग आप्पांच्या तोंडाकडे, मग गोठ्यात रवंथ करणाऱ्या आपल्या म्हशींकडे. आणि मग मला हाक मारली.

"इंजिनेर, गोठा दोन मीटर मागं सरकवाय किती दिवस लागतील वो?"