तळहातावरचं भिंग

कन्हेरीच्या अक्काबाईचा हात म्हणजे तराजूच बघा. बारामतीच्या मंडईत भाजी विकून विकून असा तयार झालेला, की वस्तीत मूल जन्मलं की आधी तिच्या हातावर ठेवायचे. ती डोळे मिटून वजन सांगायची, मगच नाव ठेवायची बोलणी. अन् हीच बाई स्वतःच्या नातीला हात लावेना!

कारण काय, तर डोळ्यातलं भिंग. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू काढून ते आत बसवलं होतं. शेजारच्या दगडाबाईचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, आत भिंग न बसवता केलेलं. तिच्या चष्म्याच्या जाडजूड काचांनी नाकावर वळ उठलेले. तसलीच काच आपल्या डोळ्यात, म्हणजे वाकलं की निखळणारच, असं अक्काबाईनं मनाशी धरलं. महिनाभर वाकू नका, ओझं उचलू नका, असं सांगितलेलं. हिनं ते जन्मभराचं करून टाकलं. विहारात वंदनेलाही ताठच. काय म्हणावं या बाईला!

तसं जग मोठं गोड झालं होतं. कित्येक वर्षं मळकट दिसणारा विहारावरचा झेंडा आता निळाशार दिसायचा. ती तासन् तास बघत बसायची. झोपली की मात्र स्वप्नात भिंग डोळ्यातून सुटायचं, पाटाच्या पाण्यात सावकाश बुडायचं आणि मागोमाग सगळा निळा रंग वाहून जायचा.

"मुलगी झाली म्हणून घेत न्हाईस व्हय?" एक दिवस लेक करुणा रडत म्हणाली. ते अक्काबाईच्या काळजात घुसलं. सकाळच्या एसटीनं तिनं इंदापूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिला डोळे मिटायला लावून हात पुढं करायला सांगितलं.

"ठिवा की," थोड्या वेळानं अक्काबाई म्हणाली.

"कधीच ठेवलंय."

तिनं डोळे उघडले. तळहातावर तसलंच दुसरं, डाळीएवढं भिंग, त्याला केसासारखे दोन वाकडे पाय.

"काच न्हाय ही?"

"प्लास्टिक आहे, काचेहून हलकं. मधे फुगीर, कडेला पातळ, म्हणून वजन आणखी कमी. हे पाय त्याला आत धरून ठेवतात. अन् डोळ्यातल्या पाण्यात तर त्याचा भार नसल्यासारखाच. आता खुशाल वाका."

परतताना एसटीच्या खिडकीबाहेर ऊस वजन नसल्यासारखा तरंगत होता. घरी आल्या आल्या ती पाळण्यावर पार ओणवी झाली, नातीला दोन्ही हातांवर उचललं. भिंग जागचं हललं नाही. वस्तीतल्या बाया दारात जमल्या.

"आई, डोळं मीट की. किती भरली सांग," करुणा म्हणाली.

"गप गं," अक्काबाई म्हणाली. "आधी बघू दे मला."