पहिला फोटो विमलताईचा

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. असायचं काही कारणही नव्हतं. रामाकोन्याच्या आमच्या वस्तीत तेव्हा फोटो ही माणूस मेल्यावर काढायची गोष्ट होती. माय आणि बाबा दोघंही दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे. हंगामात कापूस वेचायचा, संत्र्याची तोड लागली की बागेत टोपल्या वाहायच्या, आणि पावसाच्या झडीच्या दिवसांत काम लागलं नाही तर ज्वारीच्या कण्या शिजवून दिवस ढकलायचा. अशा घरातून उठून सौंसरच्या स्टुडिओत खुर्चीवर कोण जाऊन बसणार? बाबा गेले त्या सकाळी कोणीतरी सायकलीवर सौंसरला गेलं आणि फोटोग्राफर गुलाबरावांना घेऊन आलं. बाबांना अंगणात खाटेला टेकवून बसवलं, मागून चुलत्यानं त्यांची मान धरली, आणि फोटो निघाला. तो हातात आला तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर बरा दिसत नाही म्हणून स्टुडिओत ब्रशनं वरून डोळे काढून द्यायची पद्धत होती. आम्हा बौद्धांकडे माणूस गेल्यावर जलदान विधी होतो, तेव्हा त्याचा फोटो मांडून वंदना घेतात. तिथं तो मांडला. मायनं पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हा कोणाचा फोटो आणला? हा माहा माणूस नोय."

हे वाक्य जिनं मनात धरून ठेवलं ती माझी थोरली बहीण, विमलताई. तिला जाऊन दीड महिना झाला. त्या दिवशी मी मोहगावच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर शिकवत होतो. दारात गुलाबराव येऊन उभे राहिले, सायकल तशीच अंगणात आडवी टाकलेली. ताई तेव्हा त्यांच्याच स्टुडिओत कामाला होती. तिला कावीळ झालेली आम्हाला माहीत होतं, पण दवाखान्यातून चार-आठ दिवसांत घरी येईल असं सगळे धरून चाललो होतो. "गुरुजी, जरा बाहेर येता का?" ते म्हणाले. गुलाबरावांनी मला जन्मात कधी गुरुजी म्हटलं नव्हतं, ते मला बाबूच म्हणायचे... पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

ताई माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी बहीण गेली म्हणून लिहीत नाही, आमच्या शाळेतले जुने गुरुजीही तेच सांगतात. पण सातवीनंतर तिला कामावर धाडलं, कारण दोघांपैकी एकालाच शिकवणं जमणार होतं आणि मी मुलगा होतो. मग तिचं लग्न करून तिला तिगावला दिली. नवऱ्यानं दुसरी आणून बसवली तशी ही आपली पेटी उचलून निघून आली. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, विमल परत आली. ही म्हणाली, "परत कायची? माह्याच घरी आली मी." गुलाबरावांनी तिला स्टुडिओत कामाला ठेवलं, तशी ती सौंसरलाच राहू लागली. आधी नुसते फोटो धुवायचे, वाळवायचे. मग तिचा हात थरथरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि मयताच्या फोटोवर डोळे काढायचं काम तिच्याकडे आलं. मी तेव्हा पांढुर्ण्याला कॉलेजात होतो. आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी आहे, हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही, आताही वाटत नाही. पण ते बी.ए. तिच्या हातांवर झालं, हेही तेवढ्याच मोठ्यानं सांगतो.

शनिवारी घरी जाताना मी सौंसरला उतरून तिच्याजवळ बसायचो. एकदा तीन भाऊ आले, आदल्या आठवड्यात वारलेल्या बापाचा फोटो न्यायला. डोळे अजून काढायचे होते. ताईनं विचारलं, "डोळे कसे होते बाबाचे? मोठे का बारीक?" थोरला म्हणाला मोठे, मधला म्हणाला बारीक. दोघं हुज्जत घालायला लागले. धाकटा म्हणाला, "आम्ही कधी धड पायलेच नाहीत, बाई," आणि रडायला लागला. ताईनं ब्रश पाण्यात ठेवून दिला. स्टँडकडे चालता चालता तिनं मला विचारलं, "बाबू, आपल्या बाबाचे डोळे तुले आठोतेत का?" मी आठवून पाहिलं. त्यांचे हात आठवले, पाठ आठवली, खोकला आठवला... "नाही नं," ती म्हणाली. "मलेही नाही आठोत. आता सांगून ठेवतो तुले, मायचा फोटो मी ती जिती असतानी काढीन. हसतानी काढीन. त्याच्यासाठी जे शिका लागते ते शिकीन."

आणि ती शिकली. गुलाबरावांकडे एक जुना कॅमेरा पडून होता, पोटाशी धरून वरून आत पाहायचा. पहिल्यांदा तिनं त्यात वाकून पाहिलं तेव्हा मी समोर होतो. काचेवर रस्त्यापलीकडचा पिंपळ उतरला होता. "काकाजी, पानं हालून राहिली याच्यात," ती म्हणाली. "पानं हालणारच, वारा सुटला आहे," गुलाबराव म्हणाले. "तसं नाही काकाजी. मी दाबलं तं थांबतीन नं?" त्या दिवशी तिनं माणसाचा एकही फोटो काढला नाही. संध्याकाळपर्यंत नुसती काचेत पाहत बसली.

रविवारी छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीनं ती रामाकोन्याला यायची. गुलाबराव तारीख संपत आलेले रोल तिला देऊन टाकायचे, ते घेऊन वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जायची. पहिला फोटो गिरजाआजीचा. आजीला तोंडात दात नव्हता आणि शेजारणीला शिव्या देताना तिला स्वतःलाच हसू यायचं. ताई कोपऱ्यात वाकून उभी, काचेत पाहत, स्वतःशी पुटपुटत, "थांब... थांब... आता." खट्. मग तिनं वर पाहिलं तर चेहरा लाल झालेला. "गावलं बाबू, गावलं," एवढंच म्हणत राहिली. एरवी कमी बोलणारी माझी बहीण त्या एका खट्नंतर वेड्यासारखी आनंदी व्हायची. तसा आनंद मला बी.ए.च्या निकालालाही झाला नव्हता.

गिरजाआजी पाच दिवसांनी वारली. पुढच्या महिन्यात ताईनं एका म्हाताऱ्याचा फोटो काढला, तोही पंधरवड्यात गेला. दोघंही ऐंशीच्या घरातली, दोघंही आजारी. पण आमच्या वस्तीत फोटोग्राफर मरणाच्याच दिवशी यायचा, ही सवय लोकांच्या हाडांत होती. आधी फोटो, मग मरण, असा उलटा हिशेब लागायला वेळ लागला नाही. ताई गल्लीत शिरली की दारं ओढून घेतली जात. "यमाची बाई आली," बाया ऐकू जाईल असं म्हणत. मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो. दारोदार जाऊन समजावलं, फोटोनं कोणी मरत नाही, हे अडाणीपण आहे, आपण धम्म घेतलेली माणसं आहोत. लोक ऐकून घेत. दार उघडत नसत.

वाट ताईनंच काढली. सुखदेव आजा, आमच्या वस्तीतला सगळ्यात तोंडाळ माणूस, ओट्यावर बसला होता. ताईला पाहून म्हणाला, "काय व पोरी, माहा नंबर लागला का?"

"लागला आजा."

"मंग सुनेले सांगतो, आजचा सैपाक कमी करजो."

ताईनं गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. "हे घे. पहिला फोटो माहा काढ तू. मरण आलं तं आंधी मले येईन, मंग तुहा नंबर." आजा हसता हसता ठसकला. कुठं दाबायचं, विचारलं, दाबलं. फोटोत ताईची मान आणि पोलक्याची बाही आली, डोकं आलंच नाही. पण आजानं मग आपला काढू दिला, मांडी ठोकून, तोंड उघडं टाकून हसताना. आणि आजा मेला नाही.

तेव्हापासून तीच रीत पडली. म्हाताऱ्यानं आधी ताईचा फोटो काढायचा, मग ताई त्याचा काढणार. बारा फोटोंच्या रोलात सहा म्हातारे आणि सहा वेळा ही, कधी नुसते पाय, कधी अर्धं कपाळ, कधी सगळं आभाळ आणि खाली कोपऱ्यात तिचा भांग. गुलाबराव चिडायचे. "अर्धा रोल तू वाया घालवतं." ती म्हणायची, "वाया कायचा काकाजी, तो तिकीट हाय माहा."

वस्ती उघडली, पण ज्या फोटोसाठी हे सगळं मांडलं तो निघत नव्हता. माय बसायचीच नाही. आज लुगडं धड नाही, आज डोक्याला तेल नाही, तोड संपू दे मग पाहू. तिच्या हातात कॅमेरा दिला तर ती तो खाली ठेवून चुलीकडे निघून जायची. वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात मायला ताप चढला, अन्न सुटलं, डॉक्टरनं माझ्याकडे पाहून मान हलवली. ताई दुपारच्या गाडीनं आली. मायच्या खाटेजवळ बसली, पाणी पाजलं, आणि पिशवीतून कॅमेरा काढून झाकण उघडलं. मायनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि मी... मी ताईचा हात धरला. "ताई, आज नको."

"काऊन?"

मी तिचा हात सोडला नाही.

"बाबू, तू बी.ए. झाला नं?"

तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता. झाकण लावलं, कॅमेरा पिशवीत घातला आणि मायचे पाय चेपत बसली. दारोदार जाऊन लोकांना अडाणी म्हणणारा मी. मायच्या खाटेपाशी माझ्या मनात गिरजाआजी उभी राहिली, त्याला मी काय करू? माय महिनाभरात उठली. ताई त्यानंतर दोनदा घरी आली, पण कॅमेरा आणला नाही. कामाची गर्दी आहे म्हणाली. मी विचारलं नाही. वाटलं, पुढं बोलू.

तिला नेलं त्या दिवशी अख्खी वस्ती होती. सुखदेव आजा काठी टेकत आला. तिच्याकडे पाहत म्हणाला, "आमची सारी मरणं पोरीनं आपल्या अंगावर घेतली." लोकांनी माना हलवल्या. मला ओरडून सांगायचं होतं की तिला कावीळ झाली होती, तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा मी पाहिला होता, कोणी कोणाचं मरण घेत नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? तो राग आजही माझ्या छातीत तसाच आहे, आणि तो आजावर नाही.

जलदानाला गुलाबराव एक जाडजूड पाकीट घेऊन आले. तिचे फोटो, म्हाताऱ्यांनी काढलेले. वंदनेला मांडायला एक सापडेना. कशात डोकं नाही, कशात चेहरा हललेला. शेवटी एकात ती वाकडी आली होती, एक कान कापलेला, पण हसत होती, काहीतरी सांगत होती, बहुधा कुठं दाबायचं ते. तोच मांडला. माय त्यापुढं मेणबत्ती विझेपर्यंत बसली.

पंधरा दिवसांनी, दुपारी, मी पोरांच्या वह्या तपासत होतो. मायनं विचारलं, "विमलचा तो डब्बा कुठी हाय?" गुलाबरावांनी तो मला देऊन टाकला होता. मी पेटीतून काढला.

"त्याच्यात फोटो उरले का?"

कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत आकडा पाहिला. रोल अर्धवट होता. "चार उरले, माय."

"मंग काढ माहा."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ती म्हणाली, "पाहून काय राहिला? मी मरायले भेत होती असं वाटलं का तुले? फोटो काढल्यावर मी मेली असती, तं लोकायनं विमलले वस्तीत पाय ठेवू देला नसता. मायले खाल्लं म्हणाले असते. तिचं सारं काम बुडालं असतं. म्हणून नाही म्हणत होती मी... आता तिले कोण काय म्हणते?"

"तिले सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं ऐकली असती का ती? त्याच दिशी काढला असता तिनं."

मायनं केसांवरून हात फिरवला नाही, लुगडं बदललं नाही. अंगणात खाट ओढली. बसायच्या आधी हात पुढं केला. "आण इकडे. आंधी तुहा." मी उभा राहिलो. तिनं कॅमेरा पोटाशी धरला, आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग खट् झालं. तिनं पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि खाटेवर जाऊन बसली. काचेत माय उतरली. हस म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि ती हसली नाही. एक बिघडला तर दुसरा असावा, म्हणून उरलेले तिन्ही फोटो तिचेच काढले.

गेल्या आठवड्यात गुलाबरावांनी रोल धुतला. मायचे दोन फोटो हलले, एक नीट आला. रामाकोन्याच्या आमच्या वस्तीत आज जेवढी म्हातारी माणसं आहेत, त्या सगळ्यांचा जितेपणी काढलेला फोटो त्यांच्या घरात आहे. माय शेवटची राहिली होती.