हात जोडलेले साहेब

चहा निवला तर निवू द्या, पण माझी ही फजिती ऐकूनच उठा. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे लई पाहिले असतील तुम्ही. मी तर धोंडा शोधून आणला, त्याला हार घातला आणि उदगीरच्या भर चौकात उभा केला!

मला एक खोड हाय. सिनेमातला हिरो मला आवडत न्हाई. मोठा व्हिलनबी न्हाई. त्याला काय कमी हाय? खुर्ची त्याला, टाळ्या त्याला. मला आवडतो त्याच्या डाव्या हाताला उभा राहणारा, दोन नंबरचा. विहिरीत ढकलायचं त्यानं, घरं जाळायची त्यानं, मार पहिला त्यानं खायचा. आणि शेवटी त्याचं नाव पडद्यावर येतंय तेव्हा लोक खुर्चीखाली चपला शोधून राहिलेले! ही काय इन्साफाची गोष्ट झाली?

ह्या सगळ्यांत माझा देव म्हणजे दिगंबरराव. पांढरी सफारी, सोनेरी घड्याळ, कपाळाला कायम आठी. लई सिनेमांत मेले बिचारे, पण अख्ख्या उदगिरात एकाला नाव माहीत न्हाई. मला तर कधीकधी रडू यायचं, खरंच सांगतो.

म्हणून त्यांच्या वाढदिवसाला मी ठरवलं, चौकात फ्लेक्स लावायचा. माझं भांड्यांचं दुकान चौकातच, आणि फ्लेक्सवाला बसवराज आपला दोस्त. धड फोटो एकच सापडला. हिरो त्यांच्या छातीला बंदूक लावून उभा हाय आणि दिगंबरराव हात जोडून जिवाची भीक मागून राहिलेत. बसवराजनं हिरो कापला, बंदूक कापली. राहिलं काय? पांढरी सफारी, जोडलेले हात आणि डोळ्यांत पाणी.

आणा बरं डोळ्यांपुढं. कोण दिसतंय?

बसवराजच्या कॉम्प्युटरात मजकूर तयारच असतोय. ‘दीनदुबळ्यांचे कैवारी, कार्यसम्राट मा. दिगंबरराव साहेब यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’ बाजूला डरकाळी फोडणारा वाघ. खाली शुभेच्छुक म्हणून मी, शिवराज, डोळ्यांवर गॉगल आणि कानाला फोन.

“बस्या, कैवारी कशाला लिहिलास रे?”

“राहू दे की. सगळ्यांनाच लिहितो.”

दुसऱ्या दिवशी एक कार्यकर्ता दुकानात आला. हळूच म्हणाला, “साहेब कोणत्या गटाचे?”

“डाव्या हाताचे,” मी म्हणालो. खोटं बोललो का सांगा! त्यानं मान डोलावली आणि संध्याकाळी स्वतःचा फोटो टाकून साहेबांचा फ्लेक्स लावला. तो बघून त्याच्या विरोधकानं लावला, दुप्पट मोठा. आठ दिवसांत चौकात अकरा दिगंबरराव! चौकातली नालीबी कुणी न सांगता साफ झाली.

मी खरं सांगून टाकणारच होतो. तेवढ्यात दुकानात देगलूरचे काशिनाथअप्पा आले.

हे अप्पा म्हणजे महानंदाचे वडील. महिन्यापूर्वी मी तिला बघून आलो होतो. छंद विचारल्यावर मी दोन नंबरचे व्हिलन सांगितले. अप्पांचा चेहरा उतरला, पण महानंदा तोंडावर ओढणी धरून अशी हसली, की मी तिथंच खलास. चौतिसावं सरून राहिलं होतं माझं. मला हसणारे लई भेटले, पण कुणाचं हसणं एवढं गोड कधी वाटलं न्हवतं. मग त्यांच्याकडून निरोप आला, ‘पोरगं बरं हाय, पण पाठीशी कुणी न्हाई.’

तेच अप्पा आता बाहेर बोट करून म्हणाले, “शिवराज, एवढ्या मोठ्या माणसाच्या जवळचे तुम्ही, आणि सांगितलं न्हाई?”

“अप्पा, ते तसं न्हाई...”

“किती नम्र माणूस हो! डोळ्यांत पाणी हाय बघा, जनतेसाठी.”

आता महानंदा डोळ्यांपुढं असताना तुम्ही काय बोलला असता?

“हाव अप्पा,” मी म्हणालो. “लई सोसलंय साहेबांनी.”

साखरपुडा ठरला. अट एकच, साहेब आले पाहिजेत. अप्पांनी पत्रिकेवर साहेबांचा फोटो छापला, महादेवाच्या बरोबर खाली!

साखरपुड्याला देगलूरचा मांडव गच्च भरला. साहेबांना ताप भरलाय असं मी सांगितलं, अप्पांनी मानलंबी. सगळं निभावलं होतं हो! पण अप्पांची थोरली बहीण, भागीरथीअक्का, दुपारभर टीव्हीवर जुने सिनेमे बघणारी बाई. अक्कांनी चष्मा लावून पत्रिका बघितली आणि किंचाळल्या, “आगं बया! ह्यो मुडदा इथं कसा? ह्यानं हिरोच्या मायला विहिरीत ढकललं की!”

अख्खा मांडव आपापली पत्रिका उलटीपालटी करून बघू लागला.

अप्पा कसंनुसं हसले. “अक्काला नीट दिसत न्हाई. काहीबी बोलून राहिली. होय ना शिवराज?”

मला फक्त ‘हाव’ म्हणायचं होतं. एक शब्द! महानंदा माझी, मांडव माझा, जिलेबी माझी. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दिगंबररावांना ओळखलं होतं. आणि त्या माउलीला मी खोटं पाडू? काळीजच झालं न्हाई हो माझं.

“अक्का!” मी उठलोच. “ढकलायच्या आधी ते चप्पल काढतेत, ते बघितलं का तुम्ही? म्हातारीचा मान राखायचा म्हणून! एवढं बारीक काम कोण करतंय?”

“बघितलं की! आन् त्यो ट्रॅक्टरखाली येतोय तवा?”

“अक्का, त्यात तर डोळे उघडे ठेवून मेलेत!”

दहा मिनिटं आमचं हेच. मग मागं वळून बघितलं. अप्पा लालबुंद.

“म्हंजे, माझ्या पोरीच्या पत्रिकेवर मी खुनी छापला?”

“दोन नंबरचा, अप्पा,” मी म्हणालो.

अप्पांनी बाह्या सरसावल्या. मी पटकन गुडघ्यावर बसलो, हात जोडले, डोळ्यांत आपोआप पाणी आलं. अक्का ओरडल्या, “आरारा, सेम तसंच!”

तेवढ्यात महानंदा पुढं झाली. हसून हसून तिच्याबी डोळ्यांत पाणी. “बाबा, मला हेच पाहिजेत. दुसऱ्याचं नाव व्हावं म्हणून सोताचं लग्न मोडायला निघाले. असा येडा मला पुन्हा कुठं मिळायचा?”

अप्पांनी मिशी चावली. मग म्हणाले, “ठीक हाय. पण त्याच चौकात, तेवढाच मोठा फ्लेक्स. त्यावर तुमचा फोटो आणि जाहीर माफी. मग लग्न.”

मागितली की! मांडवातलाच गुडघ्यावरचा फोटो कुणीतरी काढला होता. बसवराजनं तो कमरेपासून वर घेतला. पण त्याचा हात सवयीचा. ‘दीनदुबळ्यांचे कैवारी’ वर मोठ्या अक्षरांत, आणि ‘जाहीर माफी’ वाघाच्या शेपटीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत!

लग्न थाटात झालं. माझे फ्लेक्स मात्र आता चौकात सात झालेत. कोण लावतंय, देव जाणे.

परवा एक म्हातारबा दुकानात आले. पातेलं वाजवून बघितलं, मग बाहेरच्या माझ्याच फ्लेक्सकडं बोट करून मलाच विचारतेत, “शेटजी, ह्या साहेबांना भेटायचं तर कुठं जावं लागंल?”

मी गल्ल्यावरून उठलो. त्यांच्यापुढं उभा राहिलो, हात जोडले, डोळ्यांत पाणीबी आणलं.

म्हातारबांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि पातेलं खाली ठेवून म्हणाले, “न्हाई बाबा. ते लई मोठं माणूस दिसतंय.”